चार माळा आणि वर बारा

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी आजीची माळ तुटली. दोरा कधीचाच कुजला असणार. पितळी डब्यातून काढायला गेले तर हातात नुसता दोरा आला आणि कवड्या स्वयंपाकघरभर उधळल्या. ओट्याखालून, फ्रिजमागून, पायपुसण्याखालून एकेक गोळा करत बसले. त्रेसष्ट सापडल्या. मुळात किती होत्या हे सांगायला आता आजी नाही.

आजी बार्शीची. नवरात्रात ही माळ गळ्यात घालून, परडी घेऊन ती पाच घरी जोगवा मागायची. घरात खाऊनपिऊन सुखी होती, पण आईचा जोगवा मागायचा म्हणजे मागायचाच. त्या माळेला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही, हा दंडक. आमच्या खेळायच्या कवड्या वेगळ्या, चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात. दुपारी फरशीवर खडूने पट आखून चल्लस-आठ रंगायचं. चार उताण्या पडल्या की चल्लस, चारही पालथ्या पडल्या की आठ. देवीची एवढी भक्त असलेली माझी आजी या खेळात सर्रास लबाडी करायची, हेही इथे नोंदवून ठेवते.

‘कवड्या कुठून येतात गं?’ असं तिला एकदा विचारलं होतं. ‘तुळजापुरातून,’ ती म्हणाली. बालाघाटच्या डोंगरात समुद्री जीवाचं कवच कसं पोचलं, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. मलाही नाही, अगदी परवापर्यंत.

सापडलेल्या कवड्या स्टीलच्या ताटात पसरल्या, तेव्हा दिसलं की त्या दोन जातींच्या आहेत. काही लहान, पिवळसर, कडेला गाठी-गाठी असलेल्या, नखाएवढ्या. दुसऱ्या थोड्या मोठ्या, गुळगुळीत, आणि ज्यांची पाठ शाबूत होती त्यांच्यावर सोनेरी रंगाची बारीक कडी. बहुतेकींची पाठ ओवण्यासाठी फोडून सपाट केलेली. एवढी वर्षं माळ डोळ्यांसमोर असून हे कधी पाहिलंच नव्हतं. मी वाचनाच्या नादाची बाई. पश्चिम आफ्रिकेच्या गुलामव्यापाराबद्दल दोनतीन वर्षांपासून मिळेल ते वाचते आहे. त्यामुळे ताटातल्या या दोन जाती पाहून मी दिवा लावायचंच विसरले.

त्यातली लहान, पिवळसर कवडी देऊन माणसं विकत घेतली जात. आणि कडीवाल्या कवडीने पुढे त्या लहान कवडीला खरोखरच कवडीमोल केलं.

मराठीत कवडीची फारशी इज्जत नाही. फुटकी कवडी, कवडीचुंबक, कवडीचीही अक्कल नाही. शब्द राहिले, चलन गेलं. पण ती एकेकाळी खरंच चलनात होती. आपल्या खानदेशातल्या पाटणशी ज्यांचं नातं सांगितलं जातं त्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या लीलावतीच्या सुरुवातीलाच हिशेब दिला आहे: वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म, सोळा द्रम्मांचा निष्क. गुणाकार केला तर एका निष्काला वीस हजार चारशे ऐंशी कवड्या होतात. हा आकडा लक्षात राहू द्या, पुढे त्याचा जवळचा भाऊ भेटणार आहे.

पिवळी कवडी मुख्यतः मालदीवची. तिथल्या उथळ पाण्यात नारळाच्या झावळ्या टाकून ठेवत, कवड्या त्यांना चिकटत. किंवा बायका ओहोटीला कंबरभर पाण्यात उतरून हाताने वेचत. मग वाळूत खड्डा करून पुरायच्या. आतला जीव कुजून गेला की धुऊन मोकळ्या. तांदूळ घेऊन येणारी बंगालची गलबतं परत जाताना त्या घेऊन जात. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४३-४४ मध्ये मालदीवला काझी होता. तो लिहितो की तिथे सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी त्याहूनही जास्त. हाच माणूस नऊ वर्षांनी सहारा ओलांडून पश्चिम आफ्रिकेत माली आणि गाओ इथे पोचला, आणि तिथल्या बाजारात त्याने तीच कवडी पाहिली. भाव: एका दिनाराला साडेअकराशे.

चार लाख आणि साडेअकराशे. हा फरक ज्याला दिसेल तो व्यापारी दुसरं काय करणार? अरब आणि सहारातले व्यापारी उंटांवरून थोडाथोडा माल नेत होते. पोर्तुगीज, डच आणि इंग्रज यांनी तो जहाजांनी नेला. पूर्वेकडून युरोपला परतणाऱ्या जहाजाच्या तळाशी वजन लागतं, नाहीतर जहाज समुद्रात कलंडतं. दगडांऐवजी कवड्या भरल्या की वजनही झालं आणि मालही झाला. ॲमस्टरडॅम आणि लंडनला त्यांचे लिलाव होत. घेणारे बहुतेक गुलामांच्या धंद्यातले. १७०० ते १७९० या नव्वद वर्षांत डच आणि इंग्रजांनी मिळून दहा अब्जांच्या आसपास कवड्या पश्चिम आफ्रिकेत उतरवल्या. मालदीवच्या बाईने वेचलेली कवडी बंगाल किंवा सिलोनमार्गे युरोपला जायची, तिथून पुन्हा दक्षिणेला, गिनीच्या किनाऱ्यावर. अर्धं जग फिरून. (सोन्याची ‘गिनी’ आपल्या आज्या ज्या नावाने ओळखत, ते नावही याच किनाऱ्याचं. तिथल्या सोन्याची म्हणून इंग्रजांनी १६६३ मध्ये पाडलेल्या नाण्याला पडलं.)

आजच्या बेनिन देशातलं वीदा हे गाव या धंद्याचं एक मोठं नाकं. तिथून अटलांटिकपार गेलेल्या माणसांची संख्या दहा लाखांच्या आसपास भरते. सगळ्या आफ्रिकेतून सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली गेली आणि त्यातली अठराएक लाख वाटेतच मेली, त्या हिशेबातलं हे एकटं गाव. पोर्तुगीज, फ्रेंच आणि इंग्रज यांचे किल्ले तिथे एकमेकांना खेटून होते. १७२७ मध्ये दाहोमे या शेजारच्या राज्याचा राजा आगाजा याने वीदा जिंकलं आणि धंदा राजाच्या देखरेखीखाली आला.

इथला भाव कवडीत बोलला जाई. सतराव्या शतकाच्या अखेरीस माणसाला दहा हजारांच्या आसपास कवड्या पडत. १७७० च्या दशकात दीड लाखाच्या वर. पूर्ण रक्कम कवडीतच द्यायची असं नसे. साधारण तिसरा हिस्सा कवड्या, बाकीचं कापड, दारू, बंदुका, ब्राझीलची काकवी लावलेली तंबाखू. त्या कापडातलं कितीतरी आपल्याकडचं होतं, गुजरातचं आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरचं. पाँडिचेरीच्या निळ्या कापडाला नावच गिनी कापड पडलं होतं.

एक कवडी सव्वा ग्रॅमच्या आत-बाहेर. दीड लाखाचा हिशेब केला तर पावणेदोनशे किलोच्या आसपास येतो. म्हणजे किंमत विकलेल्या माणसापेक्षा तिप्पट जड. मोजायची रीतही ठरलेली: चाळीस कवड्यांची एक माळ, पाच माळांचा दोनशेचा जुडगा, दोन हजारांचं एक ‘डोकं’, आणि वीस हजारांचं पोतं. नायजेरिया-बेनिनकडच्या योरुबा भाषेत वीस हजार या संख्येला आजही जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ पोतंच. एका हमालाच्या डोक्यावरचं ओझं. भास्कराचार्यांच्या निष्काला वीस हजार चारशे ऐंशी, इथे वीस हजार. दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण मोजायला बसलेल्या माणसाची बोटं सगळीकडे सारखीच दमत असावीत.

कवड्या मोजण्याची कटकट काय असते हे हाइनरिख बार्थ या जर्मन प्रवाशाने १८५० च्या दशकात उत्तर नायजेरियाच्या बाजूला अनुभवलं. लाखांनी कवड्या एकेक करून मोजाव्या लागल्या, त्याला तो पराक्रमच म्हणतो. तिथल्या हाउसा भाषेत कवडीला ‘वुरी’ म्हणतात, आणि तिचं अनेकवचन ‘कुडी’. कुडी म्हणजेच पैसा, आजही. मराठीत कुडी म्हणजे शरीर, ज्यातून प्राण निघून जातो ते. दोन भाषांचा काडीचा संबंध नाही, हा निव्वळ योगायोग, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते.

या सगळ्या लाखांपेक्षा माझ्या डोक्यात एक लहानसा आकडा अडकून बसला आहे. एकशे बहात्तर.

लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या ओलाउडा इक्विआनो याचं आत्मचरित्र १७८९ मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यात तो सांगतो, घरची मोठी माणसं शेतावर गेलेली, घरी तो आणि त्याची बहीण. दोन पुरुष आणि एक बाई कुंपण ओलांडून आली आणि दोघांना उचलून घेऊन गेली. तो तेव्हा अकराएक वर्षांचा. पुढे बहिणीपासून तोडलं, हातोहात विकत विकत एका गावी आणलं. त्या गावाबद्दल त्याने लिहिलेल्या गोष्टी मुलाच्याच आहेत: तिथे आयुष्यात पहिल्यांदा खोबरं खाल्लं, पहिल्यांदा ऊस पाहिला. आणि तिथलं चलन म्हणजे बोटाच्या नखाएवढे पांढरे शिंपले. तिथे त्याला तसल्या एकशे बहात्तर शिंपल्यांना विकलं. किनाऱ्यावरच्या भावाशी हा आकडा जुळत नाही. इक्विआनोच्या जन्मस्थानावरूनही अभ्यासकांत वाद आहेत. पण लाखांचे हिशेब जहाजाच्या कप्तानांनी लिहिलेले आहेत. हा एक आकडा मात्र विकल्या गेलेल्याच्या तोंडचा आहे.

ताटात त्रेसष्ट होत्या. खेळायच्या कवड्यांचा डबा माळ्यावरून काढला, त्यात एकोणतीस निघाल्या. बाकीचे ऐंशी चिंचोके घेतले. चाळीस-चाळीसचे ढीग केले. चार माळा झाल्या आणि वर बारा उरले. सगळं गोळा करून वजनकाट्यावर ठेवायचा विचार होता, पण नाही ठेवलं. नुसत्या कवड्या असत्या तर पाव किलोही भरल्या नसत्या. दोन्ही ओंजळींत मावल्या. मुलगा आत येऊन म्हणाला, ‘आई, हे काय, खेळतेयस?’ तो बारा वर्षांचा आहे.

गुलामव्यापाराबद्दल बोलताना आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: गोऱ्यांनी शंखशिंपले आणि काचेचे मणी देऊन भोळ्या लोकांना फसवलं. मला हे वाक्य आवडत नाही. ऐकायला सहानुभूतीचं आहे, पण त्यात आफ्रिकेतला माणूस बावळट ठरतो. कवडी हे उत्तम नाणं होतं. खोटी पाडता येत नाही, कुजत नाही, गंजत नाही, मोजता येते, आणि इतकी लहान की बाजारात शिजवलेलं खाणं विकणाऱ्या बाईकडून एका माणसाच्या पोटापुरतं घेता येतं. चांदीच्या नाण्याने ते जमलं नसतं. सोनं तरी कुठे कुणी खातो? लबाडी शिंपल्यात नव्हती. ज्याच्या हातात टांकसाळ त्याला नाणं फुकटाच्या जवळपास पडत होतं, आणि त्या नाण्याच्या बदल्यात जे बाहेर जात होतं ती कमावती, तरणी, पोरं होण्याच्या वयाची माणसं होती. कापड विकलं तर पुन्हा विणता येतं.

विकणारेही आफ्रिकेतलेच होते, हेही लगेच कुणीतरी ऐकवतं. होते. राजे होते, सरदार होते, दलाल होते. दाहोमेच्या वैभवाचा बराच भाग याच पैशावर उभा होता. पण ‘आपलेच’ हा शब्द तिथे आपण लावतो. आगाजाच्या सैन्यासाठी शेजारचा माही किंवा योरुबा माणूस ‘आपला’ नव्हता, जसा पेंढाऱ्यांना गावोगावचा शेतकरी आपला नव्हता. पुढे पुढे मात्र अंतर कमी होत गेलं. सिएरा लिओनमधल्या फ्रीटाउनला १८५० च्या आसपास कोएले नावाच्या जर्मन मिशनऱ्याने तिथे गुलामीतून सुटून आलेल्या लोकांना त्यांच्या भाषा विचारल्या आणि जोडीने, तू गुलाम कसा झालास, हेही विचारलं. साधारण तिघांतला एक लढाईत पकडलेला. जवळपास तितकेच पळवून नेलेले. उरलेल्यांत कुणी कर्जापायी गेलेला, कुणी पंचांच्या निवाड्यात शिक्षा म्हणून, आणि कुणी नातेवाइकांनीच विकलेला.

कर्जापायी म्हणजे कवड्यांच्या कर्जापायी. योरुबा मुलखात कर्ज घेतलं की व्याजाबद्दल घरातलं मूल किंवा भाऊ सावकाराकडे कामाला ठेवायची पद्धत होती. कर्ज फिटेस्तोवर काम. ही गोष्ट मराठी माणसाला वेगळी समजावून सांगावी लागू नये. फरक इतकाच की तिथे थोड्या मैलांवर समुद्र होता आणि समुद्रावर जहाज उभं होतं.

मूळचे बेनिनचे अर्थशास्त्रज्ञ लिओनार्ड वांचेकॉन आणि त्यांचे सहकारी नेथन नन यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जमातींतली माणसं गुलामव्यापारात जास्त ओढली गेली, त्या जमातींतले आजचे लोक नातेवाइकांवर, शेजाऱ्यांवर आणि गावच्या कारभाऱ्यांवर इतरांपेक्षा कमी विश्वास ठेवतात, असं त्यात दिसलं. पणजोबांच्या पणजोबाला शेजाऱ्याने विकलं, आणि आज पणतू उसनं देताना दहादा विचार करतो. मोजणाऱ्यांनी हे कोष्टकांत मांडलंय. बेनिनमध्ये ते डोळ्यांनीही दिसतं. नोकुए नावाच्या खाजणात गानव्हिए हे अख्खं गाव पाण्यात खांबांवर उभं आहे, हजारो वस्तीचं. शाळा, बाजार, दवाखाना, सगळीकडे होडीने जायचं. दाहोमेच्या शिपायांना धर्माने पाण्यावर चढाई करायची बंदी होती, म्हणून तोफिनू लोक पळून पाण्यात राहायला आले, असं तिथे सांगतात. पकडायला येणारे गेले, त्याला दीडशे वर्षं होत आली. गाव अजून पाण्यातच आहे.

बेनिन आणि टोगोच्या किनाऱ्यावर कवड्यांची एक गोष्टही सांगतात. समुद्रात गुलामांची प्रेतं टाकत. दोरी बांधून. काही दिवसांनी ओढून काढली की अंगभर कवड्या चिकटलेल्या असत. त्या काढून धुतल्या की झालं नाणं. इतिहासाच्या पुस्तकाच्या लेखी ही दंतकथा. कवडी त्या किनाऱ्यावर होतच नाही. पण मालदीवच्या झावळ्या आठवा. पाण्यात काहीतरी टाकायचं, कवड्या चिकटू द्यायच्या, ओढून काढायचं. कुठल्या तरी खलाशाकडून ती कृती तेवढी तिथवर पोचली असेल का, आणि झावळीच्या जागी काय असणार हे ऐकणाऱ्यांनी आपल्या अनुभवाने भरलं असेल? माझा हा तर्क कुठेही छापून आलेला नाही, आणि मी तो कुणाच्या गळी उतरवणारही नाही.

आता कडीवाल्या कवडीचं. इंग्रजांनी १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बेकायदा केला. पुढच्या काही दशकांत वीदा आणि लागोसच्या किनाऱ्यावर पामतेलाला गिऱ्हाईक वाढलं; युरोपातल्या कारखान्यांना साबण, मेणबत्त्या आणि यंत्रांचं वंगण हवं होतं. तेलाची किंमतही कवडीतच. (आणि ते तेल काढायला, डोक्यावरून वाहायला आतल्या मुलखात पुन्हा गुलामच लागत, हे विसरायला नको.) १८४५ च्या सुमाराला हाम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी हिशेब केला: मालदीवची कशाला, झांजिबारच्या बाजूला कडीवाली कवडी ढिगांनी मिळते, आणखी स्वस्त. जहाजामागून जहाज येऊ लागलं. बाजारात कवड्यांचा पूर आला. भाव इतका कोसळला की दूरच्या बाजाराला कवड्या न्यायच्या तर हमालीतच त्यातल्या बऱ्याचशा जायच्या. मग वसाहतींचे सरकार आले. कर नाण्यातच भरा म्हणाले, आणि नायजेरियात १९०४ मध्ये कवड्यांच्या आयातीवर बंदी आली. ज्यांनी मडक्यांत भरून, जमिनीत पुरून कवड्या साठवल्या होत्या त्यांची मडकी तशीच राहिली. एका पिढीने नातलग देऊन मिळवलेली मिळकत तिसऱ्या पिढीच्या हातात नुसते शिंपले. आपल्याकडे नोटा बदलायच्या रांगेत उभं राहिलेल्यांना याची चव थोडीशी कळेल. थोडीशीच, कारण आपल्याला बदलून तरी मिळाल्या.

कवडी मात्र लोकांनी टाकली नाही. सोळा कवड्या टाकून कौल पाहणं योरुबा मुलखात चालू राहिलं आणि जहाजांतून क्यूबा-ब्राझीललाही गेलं. उताण्या किती, पालथ्या किती, त्यावरून. घानाने १९६५ मध्ये स्वतःचं चलन काढलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं सेडी, तिथल्या आकान भाषेतली कवडी.

आणि न्यूयॉर्क. १९९१ मध्ये मॅनहॅटनमध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना आफ्रिकन लोकांची जुनी दफनभूमी लागली. तिथल्या ३४० क्रमांकाच्या कबरीत एक बाई होती, चाळिशी उलटलेली असावी. समोरचे दात आफ्रिकेतल्या पद्धतीने कानस मारून घडवलेले. कमरेभोवती शंभरावर मण्यांची माळ, आणि त्यात ओवलेल्या कवड्या. तिच्या अंगावरून सगळं काही काढून घेतलं गेलं असणार तो दिवस डोळ्यांसमोर आणते, आणि या कवड्या तिने कुठून, कशाच्या मोबदल्यात मिळवल्या असतील याचा विचार करत राहते. ज्यांनी तिला पुरलं त्यांनी माळ काढली नाही. २००३ मध्ये बाकीच्या चारशेवर लोकांबरोबर तिला पुन्हा तिथेच पुरलं.

रात्री अकराला मी सुईत नवा दोरा ओवला. आजी काळा करगोटा वापरायची. माझ्याकडे होता तो गोधडीचा पांढरा दोरा, दुहेरी केला. ताटात एका बाजूला गाठाळ, एका बाजूला कडीवाल्या, मी वेगळ्या करून ठेवल्या होत्या. आजीच्या माळेत त्या कुठल्या क्रमाने होत्या ते आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. मग दोन्ही ढीग एकत्र केले आणि हाताला येईल ती कवडी ओवत गेले. शेवटची गाठ मारताना चिंचोकेही ताटात राहिलेले दिसले, ते परत बरणीत टाकले.